मोडीचा ऑनलाइन कोर्स आणि चार ठिकाणचे चार ब्लॉग : वापरानंतरचा अनुभव

ब्लॉगर, वर्डप्रेस, सबस्टॅक, मीडियम अशा चार ठिकाणी लिखाण आणि सोबत मूडलवर (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) मोडी लिपीचा, म्हणजे जुने मराठी कागद ज्यात लिहिलेत त्या लिपीचा, कोर्स, हे सगळं एकटीने सात-आठ महिने चालवून झालंय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. ‘सगळ्यात भारी प्लॅटफॉर्म कुठला’ असलं काही सांगणार नाहीये, कारण माझं काम जरा आडवळणाचं आहे. पण ज्यांना मराठीत काहीही शिकवायचंय, मग ते विणकाम असो की टॅली, त्यांना यातल्या बऱ्याच गोष्टी उपयोगी पडतील असं वाटतं.

मोडीला एकदम एवढं गिऱ्हाईक कुठून आलं असं बरेच जण विचारतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुन्या दप्तरातले मोडी कागद बाहेर निघायला लागले आणि वाचणारे पुरेनात. त्याच्या आधी मोडी म्हणजे इतिहासवाल्यांचा शौक, आता घराघरातून व्हॉट्सॅपवर फोटो येतात, ‘ताई एवढं वाचून सांगा ना’. रोज किती वाचून देणार? म्हणून शिकवायचंच ठरवलं, आणि शिकवायचं तर लोकांना सापडायला हवं म्हणून ब्लॉग.

ब्लॉगरपासून सुरुवात करते, कारण फुकटात आणि बिनकटकटीचं ते एकच आहे. १९९९ चं आहे, २००३ ला गूगलने घेतलं, आणि दिसतंही थोडं त्याच काळातलं. पण मला फोटो टाकायचे असतात. कागदाची एकेक ओळ मोठी करून बघता आली पाहिजे, आणि तिथे फोटोच्या पत्त्यात ‘एस३२०’ असं जे असतं ते ‘एस१६००’ केलं की मोठा फोटो उघडतो. एवढ्या एका सोयीवर माझा निम्मा ब्लॉग उभा आहे. दुसरं म्हणजे थीमच्या एचटीएमएलमध्ये हात घालता येतो. मोडी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी यादी) आली पण ज्या फोनमध्ये तिचा फॉन्ट नाही तिथे नुसते चौकोन दिसतात, मग थीममध्ये गूगल फॉन्ट्सवरचा नोटो सॅन्स मोडी जोडून दिला की वाचणाऱ्याला काही न करता अक्षरं दिसतात. सबस्टॅक किंवा मीडियमवर ही सोय नाही, तिथे मोडी अक्षर दाखवायचं तर चित्रच चिकटवावं लागतं.

ब्लॉगरची एक खोड मात्र मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. शीर्षक देवनागरीत असलं की पोस्टच्या पत्त्यात त्यातलं काहीच उतरत नाही, नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा. दहा पोस्ट झाल्या की कुठली लिंक कशाची ते आपल्यालाच कळत नाही. उपाय सोपा आहे, पब्लिश करण्याआधी उजव्या बाजूला पर्मालिंकमध्ये जाऊन रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द स्वतः टाकायचे. नंतर बदलायचं तर पोस्ट परत ड्राफ्टमध्ये न्यावी लागते आणि तोवर कुणी शेअर केली असेल तर ती लिंक मेली.

वर्डप्रेसवर याच्या बरोब्बर उलटं. तिथे देवनागरी पत्ता राहतो, ब्राउजरमध्ये छान दिसतो, आणि व्हॉट्सॅपवर पेस्ट केला की टक्क्यांच्या चिन्हांची ही लांब शेपटी. कारण एकेका देवनागरी अक्षराचे, काना-मात्रा धरून प्रत्येक चिन्हाचे, नऊ-नऊ कॅरेक्टर होतात आणि पत्त्याला जागा २०० ची, म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर शीर्षक कापलं जातं. शीर्षक ‘पेशवेकालीन पत्रातील मायने’ असेल तर शेवटची मात्रा गळते आणि नुसतं ‘मायन’ उरतं. चालतं तसंही, पण लोकांना अशी लिंक बघून व्हायरस वाटतो (खरंच, एका काकांनी उघडलीच नाही). म्हणून तिथेही मी स्लग (पत्त्यातला शीर्षकाचा भाग) हातानेच टाकते.

वर्डप्रेस म्हणताना एक गोष्ट स्पष्ट करते, कारण यात नवखे हमखास गोंधळतात. डॉट कॉमवाल्या फुकट प्लॅनमध्ये जाहिराती त्यांच्या, प्लगइन नाहीत. मी वापरते ते डॉट ऑर्गवालं, म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, पण होस्टिंग आणि डोमेन आपलं. इथे मी संदर्भाचं लिखाण ठेवते, कोष्टकं, याद्या, परत परत लागणारं. सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान कुठलं तर सुहूर सन (जुन्या पत्रांतली अरबी शब्दांत लिहायची कालगणना) काढायचं. जुन्या पत्रात साल आकड्यात नसतं, ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असं असतं. अर्बा म्हणजे ४, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, झाले ११७४. आता इसवी सन काढायला यात ६०० मिळवायचे की ५९९? सुहूर सन मृगाच्या सुमाराला बदलतो, म्हणून तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे पत्र १७७३-७४ चं. हे पान मी कोर्ससाठी लिहिलेलंच नव्हतं, ब्लॉगवर कुणीतरी विचारलं म्हणून लिहिलं, आणि आता कोर्समधला कालगणनेचा धडा म्हणजे हेच पान आहे, फक्त खाली सरावाला दहा सालं.

चार ब्लॉग सांभाळायचा मला झालेला खरा फायदा हाच. लोक कुठे अडतात ते ब्लॉगवर आयतं कळतं. मी आपली धरून चालले होते की अक्षरओळख झाली की झालं, पण प्रश्न सगळे दुसरेच. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग खाली अक्षरं लिहीत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायचीच नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे अक्षरं सगळी ओळखता येतात आणि तरी वाक्य कळत नाही. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, सगळं घोडं तिथे अडतं.

त्यावर मूडलमध्ये जे सापडलं त्याने मी खूश आहे. मूडल हे पर्थच्या मार्टिन डुगिआमास यांनी सुरू केलेलं, २००२ पासून चालू, पैसे न मोजता स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं. त्यात ‘ड्रॅग अँड ड्रॉप मार्कर्स’ नावाचा प्रश्नप्रकार आहे. मी कागदाची एक ओळ कापून चित्र म्हणून टाकते आणि विद्यार्थ्याला उभ्या रेघांसारखे मार्कर देते, शब्द जिथे तुटतो तिथे आणून ठेवा. बरोबर जागेला मार्क मिळतो, चुकलं तर परत. हाच प्रश्न कागदावर घ्यायचा तर मला प्रत्येकाची वही तपासावी लागली असती. फोनवरही चालतं, फक्त ओळ लांबच्या लांब न देता तीन-चार शब्दांचा तुकडा द्यायचा, नाहीतर बोट भलतीकडेच जातं. असा एक प्रश्न बनवायला मात्र वेळ जातो, जागा आखून द्यायच्या म्हणजे चित्रावरचे आकडे जुळवत बसायचं. रविवारची सकाळ गेली म्हणून समजा.

होस्टिंगबद्दल थोडं, नाव घेत नाही. आधीच्या ठिकाणी डेटाबेस मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’वर (अक्षरं साठवायची पद्धत, एका अक्षराला फार तर तीन बाइट) होता आणि मोडीचं अक्षर आलं की पोस्ट सेव्हच होईना. देवनागरी अक्षर तीन बाइटचं, ते बसतं, मोडीचं चार बाइटचं (इमोजीसारखं), त्याला मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४ लागतं. वर्डप्रेस ते २०१५ पासून, ४.२ पासून करतं, पण खाली डेटाबेस जुना असला तर ते तरी काय करणार. सपोर्टवाला मला ‘मॅडम फॉन्ट इन्स्टॉल करा’ एवढंच सांगत राहिला. शेवटी जागाच बदलली. नवीन घेताना दोनच प्रश्न विचारले, डेटाबेसचं हे आणि दुसरं क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम) किती मिनिटांनी चालवू देता, कारण मूडलला तो दर मिनिटाला लागतो आणि स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर पंधरा मिनिटांनी चालवतात, मग विद्यार्थ्यांचे मेल उशिरा. आणि पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, रिन्युअलचा दर आधी विचारा.

सबस्टॅक म्हणजे वाचकांना इमेलने पत्र पाठवायची जागा. मी ती पंधरा दिवसांतून एकदा वापरते, एक कागद, त्याचं वाचन, आणि खाली दोन ओळी. ब्लॉगरची वाचकांना इमेलने नवी पोस्ट पाठवायची सोय २०२१ मध्ये बंद झाली तेव्हापासून ही जागा रिकामीच होती, ती याने भरली. लिहायला एकदम सुटसुटीत आणि इमेलची यादी फाइल करून उतरवता येते, म्हणजे उद्या दुसरीकडे गेलं तरी माणसं आपल्याबरोबर. पैसे घेऊन वर्गणीदार करायचा विचार होता पण सबस्टॅकचे पैसे स्ट्राइपमधून (ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा) येतात आणि भारतात स्ट्राइपचं नवीन खातं सध्या आमंत्रणाशिवाय मिळत नाही. शिवाय १० टक्के सबस्टॅकचे. आपल्या लोकांना यूपीआयशिवाय काही सुचत नाही ते वेगळंच. तेव्हा पत्र फुकट आणि फी कोर्सची, असं ठेवलंय.

मीडियमबद्दल फार लिहीत नाही. इव्हान विल्यम्स यांनी सुरू केलेलं, ब्लॉगर सुरू करणाऱ्यांपैकीच एक. दिसायला सगळ्यात देखणं, पण मराठी वाचणारे तिथे मला सापडले नाहीत. मी तिथे इंग्रजीतून मोडीवर लिहिते, अमेरिकेतली-लंडनमधली आपली पोरं येतात, ज्यांच्याकडे आजोबांची ट्रंक आहे आणि मराठी वाचायची सवय सुटलीय. आधी दुसरीकडे छापलेलं त्यांच्या इम्पोर्ट सोयीने आणलं की मूळ लिंकची नोंद आपोआप होते, म्हणजे गूगलला कुठलं मूळ ते कळतं. कॉपी-पेस्टने तसं होत नाही, हे सगळीकडे तोच लेख टाकणाऱ्यांनी लक्षात घ्या. खरं तर टाकूच नका. चारही ठिकाणी एकच मजकूर म्हणजे चार ठिकाणी कमेंटची उत्तरं, आणि प्रश्न तेच.

युडेमीचाही (व्हिडिओ कोर्स विकायचा ऑनलाइन बाजार) विचार केला होता. किमान ३० मिनिटांचा व्हिडिओ आणि पाच लेक्चर एवढी अट पुरी करणं अवघड नाही, आपल्या कूपनवर विकलं तर ९७ टक्के आपले, त्यांच्या बाजारातून विकलं तर ३७. पण तिथे मार्करवाला प्रश्न कुठून आणू? माझ्या कोर्सात व्हिडिओ कमी आणि घोटणं जास्त. व्हिडिओ आहेत ते बोरूने लिहितानाचे, मोबाइल वरून खाली तोंड करून टांगलेला, फक्त हात आणि कागद, पाच-सात मिनिटांचे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे दहा मिनिटांच्या आसपासचे धडे मी स्वतः शिकताना वापरलेत, त्याहून लांब कुणी बघत नाही असं माझं पक्कं मत झालंय. ठेवते यूट्यूबवर अनलिस्टेड करून. कोर्स नीट झालाय की नाही ते तपासायला सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या ‘स्वयं’ची चौकट घेतली, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची परीक्षा आणि चर्चा. चर्चेचा कोपरा मूडलमध्ये ओस पडलेला असतो, सगळे व्हॉट्सॅप ग्रुपवर. दोनदा ओढून आणायचा प्रयत्न केला, आता सोडून दिलं.

वेळेचं म्हणाल तर कोर्सचा धडा चालू असला की ब्लॉग उपाशी आणि ब्लॉगवर बसले की धडा लांबतो, याला माझ्याकडे औषध नाही. एवढंच केलंय की लिखाण आधी गूगल डॉक्समध्ये, बोलून टाइप करते, मराठी बऱ्यापैकी ओळखतं (‘फडणीशी’ सोडून). मग पेस्ट करताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही, नाहीतर ब्लॉगरमध्ये त्याचा सगळा कचरा चिकटून येतो आणि एक परिच्छेद मोठा एक बारीक. जुन्या नोट्स ज्यांच्या सुरेख किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत त्यांनी कन्व्हर्टर वापरला तरी एकदा डोळ्याखालून घाला, रफार आणि ‘ऱ्या’ हमखास बिघडतात.

बॅकअपचं विसरू नका. ब्लॉगरची एक्सएमएल फाइल उतरवली तरी त्यात फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, वर्डप्रेसच्या एक्सपोर्टमध्येही तेच. ज्याचा ब्लॉगच फोटोंचा आहे त्याने मूळ फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावेत. आणि लोकांनी पाठवलेले घरचे कागद त्यांना विचारल्याशिवाय कुठेच टाकू नका. जमिनीचे असतात, वाटण्यांचे असतात, भाऊबंदकीत कुणाच्या हातात काय पडेल सांगता येत नाही. मी टाकते त्यात गावाचं आणि माणसांचं नाव असलेली ओळ कापलेली असते, किंवा मग शिळाछापाची जुनी मोडी पुस्तकं आहेतच, शिकायला सुरुवातीला तीच बरी.

पुढच्या बॅचपासून मीडियम महिन्याला एकच लेख, बाकी तीन आहेत तसे. ज्यांना नुसतं सुरू करून बघायचंय त्यांनी ब्लॉगर आणि एक व्हॉट्सॅप ग्रुप एवढ्यावर दोन-तीन महिने काढा, मूडलच्या नादी लागायचं ते पंधरा-वीस माणसं पैसे द्यायला तयार झाली की. त्याच्या आधी होस्टिंगचं बिल आपणच भरत बसतो.