आरओ यंत्र आणि त्यातला चव सुधारणारा स्क्रू

आमच्या वस्तीच्या मागे धातूवर मुलामा चढवणारा एक कारखाना होता. तो बंद पडून बराच काळ झाला असला, तरी अशा कामात वापरले जाणारे षट्‌संयुजी क्रोमियम (क्रोमियम धातूचे विषारी रूप) आणि सुट्या भागांवरचे ग्रीस काढण्यासाठी लागणारे ट्रायक्लोरोइथिलीन ही दोन्ही रसायने जमिनीत मुरली की वर्षानुवर्षे भूजलात टिकून राहतात. बोअरच्या पाण्याच्या प्रयोगशाळेतील तपासणीत ती दोन्ही सापडल्यावर आम्ही स्वयंपाकघरात आरओ, यूव्ही आणि कार्बन असे तिन्ही टप्पे असलेले शुद्धीकरण यंत्र बसवले. वर्षभराच्या वापरानंतर त्याविषयी लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या दोषाबद्दल प्रामुख्याने सांगायचे आहे तो एकाच कंपनीच्या यंत्रापुरता मर्यादित नाही.

यंत्राची मूळ रचना चांगली आहे. क्रोमियम अडवण्याचे खरे काम आरओ टप्प्यातली मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा, करते आणि ते ती नीट करते, तर ट्रायक्लोरोइथिलीनसारखे द्रावक पकडण्याची जबाबदारी कार्बनवर असते. यूव्ही दिवा फक्त जंतू मारतो, धातूवर किंवा द्रावकावर त्याचा उपयोग नाही. तरीही विक्रेत्याने सर्वाधिक वेळ त्या निळ्या दिव्याच्या कौतुकातच घालवला. पाणी उकळून प्यावे असा सल्ला शेजारीपाजारी अजूनही देतात, पण उकळल्याने क्रोमियम जात नाही, उलट वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते.

आता मुख्य तक्रार. मेम्ब्रेनमधून आलेले पाणी सपक लागते, म्हणून या यंत्रात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर नावाची एक लहान झडप आहे, जिचा स्क्रू फिरवला की मेम्ब्रेनला वळसा घालून आलेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात मिसळते आणि चव सुधारते. माहितीपत्रकात याला ‘आवश्यक खनिजे राखणारे तंत्र’ म्हटले आहे. पाण्यात नुसते क्षार जास्त असतील तर ही सोय निरुपद्रवी म्हणता येईल, परंतु दूषित भूजलाच्या बाबतीत ही झडप खनिजांबरोबर क्रोमियमलाही मागच्या दाराने आत घेते.

हिशेब करून पाहिला तर गांभीर्य लक्षात येते. समजा, मूळ पाण्यात प्रतिलिटर २०० मायक्रोग्रॅम क्रोमियम आहे आणि मेम्ब्रेन त्यातले ९५ टक्के अडवते, तर १० मायक्रोग्रॅम उरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील एकूण क्रोमियमची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम असल्याने हे पाणी सहज तिच्या आत बसते. मात्र झडपेने एक चतुर्थांश मूळ पाणी मिसळले की तेच प्रमाण ५७.५ मायक्रोग्रॅमवर जाते. याच मिश्रणात मूळ पाण्याचा टीडीएस ८०० आणि मेम्ब्रेनमधून आलेल्या पाण्याचा ४० धरला, तर मीटर २३० दाखवतो, आणि तो आकडा पाहून कोणीही समाधानाने पेला भरून घेईल. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात शिसे किती, क्रोमियम किती, हे सांगण्याची त्याची क्षमताच नाही. तंत्रज्ञाने यंत्र बसवल्यावर त्याच मीटरचा आकडा दाखवून पाणी सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला होता.

झडप पूर्ण बंद करून देण्यासाठी मला दोनदा तक्रार नोंदवावी लागली. पहिल्या वेळी आलेल्या माणसाने ‘मग पाण्याला चव राहणार नाही’ असे सांगून हात आखडता घेतला. झडप बंद केल्यानंतर यंत्रातून आलेले पाणी पुन्हा प्रयोगशाळेत दिले. धातूंसाठी नायट्रिक आम्ल घातलेली प्लास्टिकची बाटली आणि द्रावकांसाठी हवेचा एकही बुडबुडा न राहता काठोकाठ भरलेली काचेची कुपी असे दोन वेगळे नमुने लागतात. दोन्ही अहवाल समाधानकारक आले.

दोन मर्यादा यंत्राच्या मूळ स्वरूपातच आहेत. बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यात मेम्ब्रेनने अडवलेले क्रोमियम अधिक दाट होऊन येते, त्यामुळे ते भाजीच्या वाफ्यांना घालण्याचा नेहमीचा काटकसरीचा सल्ला इथे पाळू नये. ट्रायक्लोरोइथिलीन हवेत सहज उडते, म्हणून अंघोळीच्या गरम पाण्यातून ते श्वासावाटे शरीरात जाऊ शकते, आणि स्वयंपाकघरातले यंत्र त्यावर काहीच करू शकत नाही; त्यासाठी घरात येणाऱ्या मुख्य नळावरच कार्बनची टाकी बसवावी लागते.

कार्बन कार्ट्रिज संपल्याचे पाण्याच्या चवीवरून कळेलच असे नाही. यंत्रात लिटरमोजणी आहे, ही मात्र खरोखर चांगली सोय असून तिच्यावरच मी कार्ट्रिज बदलतो.

पाचपैकी तीन गुण देतो. गुण कापले ते झडपेमुळे आणि तिच्याविषयी माहितीपुस्तिकेत एकही इशारा नसल्यामुळे. याच कंपनीचे झडप नसलेले, दिसायला साधे मॉडेलही उपलब्ध असल्याचे मला नंतर समजले. विक्रेत्याने आमच्या पाण्याचा टीडीएस मोजला, प्रयोगशाळेचा अहवाल मात्र उघडूनही पाहिला नाही, आणि झडपेचे मॉडेल पुढे केले.