वेदीमागच्या भिंतीवर काय लावायचं? साधा क्रूस, मूर्ती, चित्र की स्क्रीन

भुसावळजवळ आमच्या छोट्या मंडळीचा हॉल उभा राहिला, पत्रे पडले, फरशी झाली आणि मग सगळं गाडं येऊन अडकलं ते वेदीमागच्या भिंतीवर. तुमच्याकडेही हाच विषय चालू असेल तर आम्ही काय काय बघितलं ते सांगतो.

साधा लाकडी क्रूस सगळ्यात स्वस्त, सागाच्या दोन पट्ट्या, सुतार दिवसात करून देतो. रिकामा क्रूस म्हणजे प्रभू उठला, एवढं लहान पोरालाही सांगता येतं. आमच्यातले जुने लोक याच बाजूचे, बायबलच्या दहा आज्ञांतली 'कोरीव मूर्ती करू नको' ही ओळ तोंडपाठ, 1524 ला स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या चर्चमधून प्रोटेस्टंट सुधारकांनी चित्रं-मूर्ती काढल्या त्या याच विचाराने. पण प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरला चित्रांचं वावडं नव्हतं, त्यामुळे प्रोटेस्टंट म्हणजे चित्र नकोच असं काही नाही. आणि हो, आपण ही ओळ दुसरी आज्ञा म्हणून मोजतो, पण कॅथलिक ती पहिल्याच आज्ञेत धरतात, म्हणून त्यांच्याशी वाद घालताना 'दुसरी आज्ञा मोडताय' म्हणू नका, त्यांच्या मोजणीत दुसरी आज्ञा देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको ही आहे. आमच्या एका काकांची अशीच फजिती झालेली.

मूर्ती किंवा येशूसकट क्रूस याबद्दल मला आधी उगाच अढी होती. मग उपवासकाळात कॅथलिक चर्चमध्ये 'क्रूसाची वाट' ही प्रार्थना कशी करतात ते बघायला गेलो, भिंतीवर येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची 14 चित्रं, एकेका चित्रापाशी थांबत पुढे जायचं, आणि एक म्हातारी, अक्षरओळख नाही, नवव्या चित्रापाशी थांबून फ्रेमवर हात ठेवून उभी, येशू तिसऱ्यांदा पडतो ते चित्र, पुढची माणसं दोन चित्रं पुढे निघून गेली तरी ही तिथेच. 600 च्या आसपास पोप ग्रेगरीने फ्रान्समधल्या मार्सेच्या बिशपला कळवलं होतं की ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर बघून वाचतात, ते मला तेव्हा कळलं. 787 ला निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेचंही म्हणणं असं की मान प्रतिमेला दिला तरी तो पोचतो तिच्यातल्या व्यक्तीला, आराधना मात्र फक्त देवाची.

तरी आमच्याकडे मूर्ती नको असं माझं मत. मंडळीत बरीच घरं नवी, सासर-माहेर अजून देव्हाऱ्यातलं, मूर्ती बसली की दुसऱ्या रविवारी हार आणि तिसऱ्याला अगरबत्ती. बायबलमध्येच आहे, मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केलेला पितळी साप, लोक त्याला धूप जाळायला लागले म्हणून हिज्कीया राजाने फोडला, मग आपली काय कथा. तुमची मंडळी तीन पिढ्यांची असेल तर हिशोब वेगळा.

चित्रात आम्ही हात पोळून घेतलाय. जुन्या जागेत फ्लेक्स लावलं होतं, पश्चिमेची भिंत, वर पत्रा, मे महिना. लाल-पिवळा उडाला आणि येशू निळा पडला, पोरं फिदीफिदी हसायची. शिवाय कॅलेंडरवर दिसतो तो येशूचा गोरा चेहरा आपल्याकडचा नाहीच, त्याचं एक फार गाजलेलं चित्र 1940 चं, अमेरिकेतल्या वॉर्नर सॉलमनचं. चित्रच हवं तर चित्रकार अँजेलो द फोन्सेकांचं काम बघा, गोव्याचे, पुण्यात राहिले, त्यांची मरिया साडीत आहे.

स्क्रीन गाण्यांना मस्त, पण लाईट गेली की समोर काळा चौकोन आणि इन्व्हर्टरवर आधी पंखे चालवायचे की स्क्रीन हे उन्हाळ्यात विचारायलाच नको.

मीटिंगमध्ये एक आजोबा म्हणाले, "भाऊ, आते भिंत मोकळीच ऱ्हाऊ द्या." तेवढं कुणाला झेपलं नाही. शेवटी साधा क्रूस भिंतीवर आणि चित्रं पोरांच्या वर्गात, त्यांच्या उंचीला, असं ठरलं. पट्ट्या रंधून झाल्यात, पॉलिश बाकी आहे.