एलजीजी प्रोबायोटिक पावडर, मुलीच्या एक्झिमासाठी घेतलेली (५ पैकी ३ स्टार)

पावडर वाईट नाहीये, पण ज्यासाठी घेतली ते काम काही झालं नाही म्हणून तीनच स्टार. लेकीला एक्झिमा आहे, कोपराच्या आत आणि गुडघ्याच्या लवणीत चट्टे, रात्रभर खाजवत बसते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की दह्यातले बॅक्टेरिया इम्युनिटी ताळ्यावर आणतात, मग डॉक्टरांना विचारून लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, म्हणजे एलजीजी या प्रोबायोटिकची (पोटात घ्यायचे जिवंत, उपयोगी बॅक्टेरिया) पाकिटं आणली. हा दह्यातला नाही बरं का, १९८३ मध्ये गोरबाक आणि गोल्डिन या दोघांनी माणसाच्या आतड्यातून शोधलेला, जीजी हे त्यांच्याच आडनावांवरून.

पावडर भुरभुरीत, चव जवळपास नाहीच, कोमट दुधात टाकली तर पोरांना कळतही नाही (उकळत्या दुधात टाकू नका, जिवंत माल आहे तो). दोनेक महिने दिली. मध्ये घशासाठी अँटिबायोटिक चालू होतं तेव्हा दरवेळसारखे जुलाब झाले नाहीत, हे मात्र मान्य. खाज होती तेवढीच.

स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या, अहो हे आधी द्यायचं असतं! फिनलंडमध्ये घरात ॲलर्जी असलेल्या गरोदर बायकांना बाळंतपणाच्या काही आठवडे आधीपासून आणि नंतर ६ महिने हाच एलजीजी दिला होता, २००१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, दोन वर्षांची झाल्यावर त्या मुलांत एक्झिमा २३ टक्के आणि बॅक्टेरिया नसलेली नुसती पावडर दिलेल्यांत ४६ टक्के. म्हणजे बाळाची प्रतिकारशक्ती शत्रू कोण न् पाहुणा कोण हे शिकत असते तेव्हाच आतड्यातून तिला शिकवायचं. एकदा एक्झिमा झाल्यावर प्रोबायोटिकने फारसा फरक पडत नाही असंच कॉक्रेनच्या (औषधोपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०१८ च्या आढाव्यात आहे. आमच्याकडे खरा फरक पडला तो अंघोळ झाल्या झाल्या ओल्या अंगाला जाडसर मॉइश्चरायझर चोपडून, आणि चट्टा भडकला की डॉक्टरांनी दिलेलं मलम.

घेताना पाकिटावरचं पूर्ण नाव वाचा, शेवटचं जीजीसुद्धा. आमच्या इथल्या एका मेडिकलवाल्याने 'सेमच आहे मॅडम' म्हणून लॅक्टोबॅसिलस स्पोरोजिनस हातात ठेवलं, ते खरं तर बॅसिलस कोॲग्युलन्स, लॅक्टोबॅसिलस नव्हेच! दुसऱ्या ठिकाणी सॅकरोमायसिस दाखवलं, ते तर यीस्ट. मी परत केलं.

पोटासाठी हवं असेल तर खुशाल घ्या. पण घरात कुणी ट्रान्सप्लांटवालं, केमोवालं किंवा इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्यांवर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि कमी दिवसांत जन्मलेल्या बाळाला तर मुळीच स्वतःच्या मनाने नाही, अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध खातं) २०२३ मध्ये त्यावर इशारा दिलाय.