पिशवी खालून काढावी की दुर्बिणीनं?

इंदूरच्या मराठी घरांत पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायची ठरली की पहिला प्रश्न, ‘दुर्बिणीनं होईल ना?’ खालून, म्हणजे योनिमार्गानं काढण्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. खरं तर जमत असेल तर आधी तेच पाहावं. पोटावर एकही टाका नाही, पाठीतल्या इंजेक्शनवर भागतं, खर्चही सहसा कमी. अंग बाहेर येत असेल तर खालचाच मार्ग सोयीचा.

जमेल का, हे तपासणीच्या टेबलावर कळतं. पिशवी साधारण १२ आठवड्यांच्या गर्भारपणाएवढी किंवा लहान हवी, हलती हवी, आणि योनीत काम करायला जागा हवी. आधी सिझेरियन झालं असेल तर मूत्राशय पिशवीला चिकटलेलं असू शकतं, सोडवताना फाटायची भीती. म्हणून हा मार्ग बाद होत नाही, पण हात मुरलेला लागतो.

एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं), चिकटलेली आतडी, अंडाशयात गाठ असेल तर दुर्बीण बरी, आतलं सगळं दिसतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, ५ ते १० मिलिमीटरची तीन-चार छिद्रं, पूर्ण भूल. जपायची जागा मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी: ती गर्भाशयाच्या धमनीखालून, ग्रीवेपासून (पिशवीच्या तोंडापासून) जेमतेम २ सेंटिमीटरवरून जाते. धमनी बंद करायला जाळताना आच तिथवर पोचली, तर लघवीची गळती कधी आठ-दहा दिवसांनी उघड होते. कॅन्सरची शंका असेल तर पिशवी आत तुकडे करून काढत नाहीत.

आणि छिद्रं लहान म्हणून सहाव्या दिवशी स्कूटरवरून सराफ्यात जाऊ नये. योनीच्या आतल्या टोकाचे टाके दोन्हींत असतातच. ६ ते ८ आठवडे संबंध बंद, भरलेली बादलीही उचलायची नाही.