रेडिएटर धातूचा की प्लॅस्टिकचा? पिवळ्या पाटीच्या गाडीच्या विम्याचा अनुभव

पुण्यात टुरिस्ट परमिटवर माझी एक टूर एस सीएनजी (मारुतीची टॅक्सीसाठीची गाडी) चालते. दिवसा गाडी मी स्वतः चालवतो आणि रात्रीच्या विमानतळाच्या फेऱ्या पगारी ड्रायव्हर करतो. गाडीला तीन वर्षे पूर्ण व्हायची आहेत. पहिली दोन वर्षे एकही क्लेम नव्हता, त्यामुळे पॉलिसीविषयी माझे मत फक्त हप्त्याच्या आकड्यावरून बनलेले होते. या पावसाळ्यात क्लेम लागला आणि त्यातल्या काही गोष्टींबद्दलचे मत बदलले, काहींबद्दलचे मात्र अधिक कडक झाले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे आणि ज्या कलमावरून वाद झाला ते कलम जवळजवळ सगळ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत असते.

आधी हप्त्याविषयी. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीच्या विम्याचे, दर सरकार ठरवते, त्यामुळे कंपनी बदलून त्यात एक रुपयाही वाचत नाही. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1,000 ते 1,500 सीसीच्या खासगी कारला 3,416 रुपये आहेत. त्याच इंजिनाच्या टॅक्सीला 7,940 रुपये मूळ दर आणि वर परवान्यातल्या प्रत्येक प्रवाशामागे 978 रुपये लागतात. माझ्या गाडीचे चार प्रवासी धरून हे 11,852 रुपये होतात, आणि 18 टक्के जीएसटी धरला की जवळजवळ 14 हजार. ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा), सीएनजी किटचा भार आणि बाकीचे वेगळे. प्रवाशामागचे हे 978 रुपये मला दोन वर्षे सतत खुपत होते, कारण गाडीत कितीही वेळा एकच प्रवासी बसला तरी पैसे चौघांचे भरावे लागतात.

नवले पुलाच्या उतारावर रात्री पावसात पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला आणि आमची गाडी मागून त्यावर आदळली. बंपर, जाळी, डावा हेडलॅम्प, बॉनेट, कंडेन्सर आणि रेडिएटर गेले. एअरबॅग उघडल्या नाहीत. ड्रायव्हरला मुका मार लागला, पण मागे बसलेल्या प्रवासी बाईंचे मनगट मोडले. पोलिसांत नोंद झाली, पंचनामा झाला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी कंपनीच्या यादीतल्या कॅशलेस गॅरेजला गेली.

कागदपत्रांची मागणी खासगी गाडीपेक्षा लांबलचक असते, याची कल्पना सगळ्या पिवळ्या पाटीवाल्यांना असेलच: आरसी, परमिट, फिटनेस, टॅक्स, पीयूसी, लायसन्स, शिवाय त्या फेरीची ॲपवरची नोंद. अपघाताच्या दिवशी पासिंग (फिटनेस) संपलेले असेल तर कंपनीला नकार द्यायला तेवढे कारण पुरते. माझे सर्व कागद चालू होते. तरीही कंपनीने ड्रायव्हरच्या लायसन्सवर बोट ठेवले, कारण त्याच्याकडे एलएमव्हीचा (हलक्या मोटार वाहनाचा) परवाना आहे आणि त्यावर ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद नाही. या मुद्द्यावर मी अजिबात मागे हटलो नाही. एलएमव्ही परवानाधारक 7,500 किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिलेला आहे. त्या निकालाचा उल्लेख करून ईमेल पाठवल्यावर कंपनीने हा प्रश्न पुन्हा काढला नाही.

आता मुख्य गोष्ट. स्टँडर्ड पॉलिसीत घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची घट, कापण्याचा तक्ता ठरलेला असतो. तेवढे पैसे मालकाने भरायचे असतात. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट 50 टक्के, फायबर ग्लासवर 30 टक्के आणि काचेवर शून्य. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कपात होते, जी दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 15 टक्के असते. रंगकामाच्या बिलातला एक चतुर्थांश भाग साहित्याचा धरून त्यावर 50 टक्के कापतात. हा तक्ता मला मान्य आहे. बंपर प्लॅस्टिकचा आहे, त्याचे निम्मे पैसे मी भरले. हेडलॅम्पची पुढची काच प्रत्यक्षात प्लॅस्टिकची असते हेही मान्य करून त्याचेही निम्मे भरले.

परंतु सर्व्हेअरने (कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याने) एस्टिमेटच्या कागदावर कंडेन्सर आणि रेडिएटर हे दोन्ही भाग ‘प्लॅस्टिक’च्या रकान्यात टाकले. एसीचा कंडेन्सर संपूर्ण ॲल्युमिनियमचा असतो. बारीक चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये घड्या घातलेल्या पातळ पट्ट्या, याशिवाय त्यात फारसे काही नसते, आणि मोडलेला कंडेन्सर गॅरेजच्या कोपऱ्यात समोर पडलेला होता. रेडिएटरची मधली जाळीही ॲल्युमिनियमचीच असते. दोन बाजूंच्या टाक्या तेवढ्या प्लॅस्टिकच्या असतात. त्या टाक्यांच्या आधारे सगळा रेडिएटर प्लॅस्टिकचा ठरवणे हे माझ्या मते चुकीचे आहे, कारण पाणी थंड करण्याचे काम जाळी करते आणि आमचा रेडिएटर फुटला तोही जाळीतच. कंडेन्सर पाच हजारांचा होता. प्लॅस्टिक धरले तर 2,500 रुपये माझ्या खिशातून जातात, धातू धरला तर 750. फरक 1,750 रुपयांचा आहे. गॅरेजच्या मॅनेजरने मला अनेकदा सांगितले, ‘‘साहेब, एवढ्यासाठी गाडी अडकवू नका.’’ गाडी मी अडकवली नाही; फरक भरून ती सोडवून घेतली. मात्र जुन्या भागांचे जवळून फोटो काढून ठेवले आणि ते सर्व्हेच्या प्रतीसह कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवले. महिन्यातून तीस दिवस चालणाऱ्या गाडीच्या मालकाला पावणेदोन हजार रुपये ही मोजण्याजोगी रक्कम आहे, आणि हप्ता घेताना एकेका प्रवाशाचा हिशेब काटेकोरपणे करणाऱ्या कंपनीने पैसे देतानाही तोच काटेकोरपणा दाखवावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

कंपनीने कंडेन्सर धातूच्या रकान्यात घेतला आणि फरक खात्यात जमा केला. रेडिएटरबाबत मात्र नकार कायम ठेवला. त्या नकाराचे पत्र घेऊन मी पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात तक्रार दाखल केली आहे. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर पुढच्या एका वर्षाच्या आत तेथे जाता येते. त्याला शुल्क लागत नाही आणि वकील द्यावा लागत नाही. छोट्या रकमेसाठी ग्राहक आयोगात जाण्यापेक्षा हा मार्ग मला बरा वाटला.

दरम्यान त्या प्रवासी बाईंनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावला आणि नोटीस घरी आली. येथे माझे मत बदलले. नोटीस कंपनीकडे पाठवल्यावर त्यांनी वकील नेमला, आणि शस्त्रक्रियेचा खर्च, बुडालेला पगार व पुढचे उपचार या सगळ्या मागण्यांना उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. प्रवाशाच्या शारीरिक इजेसाठी थर्ड पार्टीच्या दायित्वाला वरची मर्यादा नसते. जी रक्कम न्यायाधिकरण ठरवील ती कंपनी भरते. ती रक्कम माझ्यावर आली असती तर गाडी विकूनही भागले नसते. म्हणून प्रवाशामागचे 978 रुपये यापुढे मी बिनतक्रार भरणार आहे, आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीतून पैसे घेऊन मुंबईला माणसे नेणाऱ्यांना मनापासून सांगतो की, खासगी पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यावर होणारा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. परमिटशिवाय गाडी चालवणे हा कायद्याचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अमृत पाल सिंग यांच्या प्रकरणात म्हटले आहे. त्या प्रकरणात कंपनीने दावेदारांना आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असाच आदेश कायम झाला. म्हणजे शेवटी पैसे मालकाच्याच घरातून जातात.

दोन त्रुटी मात्र कोणी आधी सांगत नाही. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा फक्त मालकालाच लागू होतो. पगारी ड्रायव्हरला त्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी कायदेशीर दायित्वाचे वेगळे कलम आणि वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा लागतो. माझ्याकडे पहिले होते, दुसरे नव्हते. दुसरी त्रुटी अधिक जाचक आहे. गाडी भाग येण्याची वाट पाहत जवळजवळ तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी होती, त्या काळातला धंदा बुडाला आणि बँकेचा हप्ता मात्र गेला. परिणामी होणारे नुकसान पॉलिसीत वगळलेले असते, आणि भाड्यावर पोट असलेल्या गाडीच्या पॉलिसीत हे वगळलेले असावे, हे मला पटत नाही.

नूतनीकरणाच्या वेळी मी कंपनी बदलली. जुन्या कंपनीने टॅक्सीला झिरो डेप (घसारा न कापण्याचे जादा कलम) देण्यास नकार दिला. नव्या कंपनीने गाडी पाच वर्षांच्या आतली असल्यामुळे ते दिले, वर्षाला दोन क्लेमच्या मर्यादेसह. क्लेममुळे 25 टक्के एनसीबी (क्लेम नसल्याबद्दलची हप्त्यातली सूट) शून्यावर आला आणि झिरो डेपचा वेगळा भार पडला, त्यामुळे ओडीचा आकडा बराच चढला. तरी निम्म्या कपातीपेक्षा हे परवडते, असा माझा हिशेब आहे. ड्रायव्हरचा वैयक्तिक अपघात विमाही या वेळी घेतला. सर्व्हे होण्याआधी मोडलेला प्रत्येक भाग स्वतः उघडून पाहा, तो कशाचा बनला आहे ते एस्टिमेटवर पेनाने लिहून सर्व्हेअरची सही घ्या, आणि गॅरेजने जुने भाग भंगारात टाकण्यापूर्वी त्यांचे फोटो काढा. रेडिएटरवरील लोकपालांचा निर्णय आला की तो येथेच लिहीन.