प्रलयानंतरचा गेम पडद्यावर: तीन वाटा आणि त्यांचा हिशेब

जग बुडाल्यानंतरची गोष्ट सांगणारा गेम पडद्यावर आणायचा म्हटलं की निर्माता आधी बजेट विचारतो. पटकथा लिहिणाऱ्याने त्याच्याही आधी एक गोष्ट तपासावी: या गेमचा नायक गेमने ठरवून दिलेला आहे, की खेळणाऱ्याने स्वतः घडवलेला? वाट कुठली धरायची हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

वाटा तीन, आणि तिन्हींवरून कुणी ना कुणी चालून गेलेलं आहे. गेमची गोष्ट तीच ठेवायची, हा झाला 'द लास्ट ऑफ अस'चा मार्ग (गेम २०१३, मालिका २०२३). जग तेच ठेवून माणसं नवी आणायची, हा 'फॉलआउट'चा (पहिला गेम १९९७, मालिका २०२४). आणि नाव, कंपनी, राक्षस तेवढे उचलून बाकी सगळं आपलं रचायचं, हा २००२च्या 'रेसिडेंट ईव्हिल' सिनेमाचा.

लांबी

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. सिनेमाला मिळतात १००-११० पानं. 'द लास्ट ऑफ अस' खेळायला सुमारे १५ तास लागतात. त्यातलं लपणं, गोळीबार, कपाटं धुंडाळणं वजा केलं तरी उरलेलं नाट्य दोन तासांत बसत नाही, कारण गेममधले दोन प्रवासी, जोएल आणि त्याच्यासोबतची मुलगी एली, यांचं नातं चालता चालता जुळतं. चालणं कापलं की नातंही कापलं जातं. २०१४मध्ये याच गेमचा सिनेमा करायचं ठरलं होतं, सॅम रेमी निर्माते होते. मोठमोठी ॲक्शन घालण्याचा दबाव होता, असं गेमचे लेखक नील ड्रकमन यांनी नंतर सांगितलं. तो सिनेमा झालाच नाही. पुढे क्रेग मेझिन यांच्यासोबत नऊ भागांची मालिका झाली, तेव्हा गोष्टीला श्वास घ्यायला जागा मिळाली.

याच्या उलट उदाहरण २०२१चं. 'रेसिडेंट ईव्हिल'च्या नव्या सिनेमात पहिले दोन गेम १०७ मिनिटांत कोंबले. पहिल्या गेमची हवेली आणि दुसऱ्याचं पोलीस ठाणं एकाच रात्री समांतर पळतात, चाहत्यांना ओळखीच्या खुणा सापडतात, पण एकाही माणसाची काळजी वाटायला वेळ मिळत नाही. सुमारे २.५ कोटी डॉलर खर्चावर जगभरातून ४.२ कोटींच्या आसपास गल्ला झाला. त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा, म्हणजे हाती फारसं काही नाही. कोरोनाचा काळ होता हेही खरं. २००२च्या सिनेमाने ३.३ कोटींवर १० कोटींहून जास्त मिळवले होते. त्याची नायिका ॲलिस गेममध्ये नव्हतीच. झोंबीपटांचे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी त्याआधी लिहिलेली, गेमच्या जास्त जवळची पटकथा बाजूला ठेवली गेली होती. चाहते यावर आजही दात-ओठ खातात, पण सहा सिनेमे निघाले आणि एकूण गल्ला १२० कोटी डॉलरच्या पुढे गेला. पैशाच्या हिशेबात तिसरी वाट कमी लेखू नये.

नियम आणि तारखा

पहिल्या वाटेवरची मेख वेगळीच. गेममध्ये चालणारे नियम कॅमेऱ्यासमोर नडतात. 'द लास्ट ऑफ अस' गेममध्ये माणसांना पछाडणाऱ्या बुरशीचे बीजाणू हवेत तरंगतात आणि जोएल मास्क लावतो. मालिकेत तसंच ठेवलं तर नटाचा चेहरा झाकला जातो. शिवाय हवेतून पसरणारी गोष्ट एका तळघरापुरती का थांबेल, हा प्रश्न प्रेक्षक विचारणारच. म्हणून पहिल्या सीझनमध्ये बीजाणू काढून तंतू आणले: जमिनीखाली पसरलेलं जाळं, एका जागी पाय पडला की लांबचे संक्रमित जागे. बीजाणू परतले ते दुसऱ्या सीझनमध्ये. नियम बदलायचाच तर असा बदला, की त्यातून नवा प्रसंग मिळेल.

दुसऱ्या वाटेवर घात करतात तारखा. 'फॉलआउट'मध्ये नायकाचं नाव, चेहरा, नीतिमत्ता सगळं खेळणारा ठरवतो. कुठलाही एक नायक घेतला तरी निम्मे जण म्हणणार, माझा असा नव्हता. मालिकेने तिघे नवे घेतले: बंकरमधून बाहेर पडलेली ल्यूसी, चिलखती सैन्यातला मॅक्सिमस आणि दोनशे वर्षं जगलेला घूल, म्हणजे किरणोत्सर्गाने विद्रूप झालेला माणूस. मला हे खेळण्याचेच तीन स्वभाव वाटतात: भाबडा, हावरा आणि निर्ढावलेला. गोष्ट २२९६मध्ये, म्हणजे आधीच्या सगळ्या गेमनंतर ठेवली, त्यामुळे कुणाचाच शेवट खोटा ठरवावा लागला नाही. तरीही एका फळ्यावर शेडी सँड्स शहराच्या पतनापुढे २२७७ लिहिलेलं दिसलं आणि गदारोळ झाला, कारण 'न्यू व्हेगस' हा 'फॉलआउट'चाच गेम २२८१मध्ये घडतो आणि त्यात ते शहर पडलेलं नाही. शहरावर बॉम्ब त्या गेमनंतर पडला, असा खुलासा करावा लागला. सेटवर दिसणारं प्रत्येक अक्षर कालक्रमाच्या तक्त्याशी ताडून पाहणारा एक माणूस ठेवा. तो खुलाशांपेक्षा स्वस्त पडतो.

खर्च

ओसाड जग महाग असतं, कारण रिकामं शहर भाड्याने मिळत नाही. 'फॉलआउट'ने नामिबियातलं कोल्मान्सकोप वापरलं. हिऱ्यांच्या खाणीचं हे ओस पडलेलं गाव, घराघरांत वाळू भरलेली. २००२च्या सिनेमाने बरीचशी गोष्ट जमिनीखालच्या प्रयोगशाळेत नेली आणि बर्लिनमध्ये चित्रीकरण केलं. बोळ, दारं, दिवे. हात आखडता असेल तर हीच युक्ती.

वही घेऊन बसताना

गेम आधी स्वतः खेळा. मग दुसऱ्याच्या हातात कंट्रोलर देऊन शेजारी बसा आणि तीन रकाने भरा: कटसीन (खेळ थांबवून दाखवलेले तयार प्रसंग), खेळ आणि वाटेत सापडलेल्या वस्तू, म्हणजे चिठ्ठ्या, टेप, भिंतीवरची अक्षरं. पहिला रकाना आयता असतो, म्हणून फसवतो. तो नुसता उतरवला तर लोक यूट्यूबवर फुकट पाहतात तेच होतं. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक मारामारीपुढे लिहा, हिच्यानंतर काय बदललं? काहीच नाही, तर काट मारा. एक अडचण मात्र काट मारून सुटत नाही. 'द लास्ट ऑफ अस' गेमच्या शेवटी एलीला वाचवायला इस्पितळातल्या सर्जनला खेळणाऱ्याने मारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. ते पाप आपल्या हातून होतं. प्रेक्षकाच्या हाती बटण नाही. मालिकेने तिथे गोळ्यांचा आवाज दाबून संगीत वर आणलं. थरार काढून घेतला आणि शोक उरला.

तिसरा रकाना खरा खजिना. याच गेममध्ये फ्रँक जिवंत भेटतच नाही; त्याचा लटकलेला मृतदेह आणि बिल या जोडीदारावर जळफळाट करणारी चिठ्ठी तेवढी सापडते. मालिकेच्या तिसऱ्या भागात त्या दोघांची सोळा वर्षांची प्रेमकथा झाली, शेवट पार बदलून.

म्हणून नायक ठरलेला असेल आणि आठ-नऊ तास मिळत असतील तरच पहिली वाट धरा. नायक खेळणाऱ्याने घडवलेला असेल तर दुसरी, मग सिनेमा असो वा मालिका. आणि ठरलेल्या नायकाचा गेम, हातात फक्त १०० मिनिटं, अशी कोंडी असेल तर नायकाला सोडून द्या आणि तिसऱ्या रकान्यातली एक चिठ्ठी उचला.

हक्क नसतील तर? भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार रूपांतराचा हक्क मूळ मालकाचा असतो. नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, तिच्या मांडणीला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं. बुरशीने जग बुडालं, एवढं कुणीही लिहू शकतं. जोएल, एली, त्यांचं गिटार आणि शेवटचं इस्पितळ मात्र नाही.