साताऱ्यातलं पोवई नाक्याजवळचं सुभेदार साहेबांचं टायपिंगचं दुकान: चार स्टार, एक बोलण्याबद्दल कापला

आधी पत्ता सांगते कारण दुकानाला बोर्डच नाही. पोवई नाक्यावरून सदरबझारच्या बाजूला जाताना एक झेरॉक्सवाला लागतो, त्याच्या मागच्या अंगाला दहा बाय दहाची खोली, एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर, एक लोखंडी कपाट आणि फौजेतून हेडक्लर्क म्हणून रिटायर झालेले सुभेदार साहेब. "पेन्शनवाले सुभेदार" म्हणून कुणालाही विचारा, दाखवतात. सकाळी दहाला उघडतं. दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली असतं आणि त्या वेळेत वाकून आत डोकावलात तर जे ऐकायला लागेल त्याला मी जबाबदार नाही.

गिऱ्हाईक बहुतेक पेन्शनर. आमच्याकडं फौजी नाही असं गाव शोधावं लागतं, अपशिंगे मिलिटरीतून तर पहिल्या महायुद्धात एकट्या गावचे ४६ जण गेले ते परत आलेच नाहीत. त्यामुळं इथं बाकड्यावर कायम कुणीतरी आजी पीपीओमधल्या, म्हणजे पेन्शनच्या आदेशातल्या, नावाचं स्पेलिंग घेऊन बसलेली असते नाहीतर कुणी हवालदार काका स्पर्श या फौजी पेन्शनच्या वेबसाईटच्या लॉगिनमध्ये अडकलेले असतात. आमचं काम त्यातलं नव्हतं, प्रमोशनच्या चुकलेल्या तारखेचं होतं, म्हणून मुद्दाम लिहितेय, कारण असलं काम इथं होतं हे मलाच माहिती नव्हतं.

माझा नवरा टेरिटोरियल आर्मीत (टीएत) ऑफिसर आहे. म्हणजे एरवी इथं कंपनीत नोकरी, आणि वर्षाला साधारण दोन महिने कॅम्प आणि ट्रेनिंग, शिवाय बोलावलं की जायचं. सोसायटीत सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "धोनीसारखं का?" अहो धोनीला २०११ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल केलं, आमच्याकडं परीक्षा, इंटरव्ह्यू, एसएसबी (फौजेची ऑफिसर निवडायची चाचणी), मेडिकल सगळं रांगेत उभं राहून झालंय. पण एक आहे, रेग्युलर फौजेतल्या माणसाची फाईल रोज कुणाच्या तरी टेबलावर दिसत असते, टीएवाला दहा महिने सिव्हिल कपड्यात असतो त्यामुळं त्याची फाईल बसली की बसली, हलवायला तो तिथं नसतोच.

तर झालं असं की कॅप्टनचे मेजर व्हायची तारीख मार्चमधली होती. लागणारी सगळी वर्षं, ट्रेनिंग, मेडिकल झालेलं. पण युनिट त्याच वेळी दुसरीकडं हललं, सीओ साहेबांची, म्हणजे युनिटच्या प्रमुखांची, बदली झाली, सीआरवर (कामाच्या गोपनीय अहवालावर) सही राहिली, मग कागद वर गेले ते ऑब्झर्वेशन, म्हणजे त्रुटीचा शेरा, लागून परत आले, परत गेले, परत आले, एकदा तर मेडिकलचा कागद त्याच आडनावाच्या दुसऱ्या ऑफिसरच्या फाईलला लागला होता. चौदा महिन्यांनी प्रमोशनचं पत्र आलं. आम्ही कंदी पेढे वाटले, सासूबाईंनी औक्षण केलं, आणि रात्री जेवताना नवरा पत्र परत वाचतो तर डब्ल्यूईएफच्या (कधीपासून लागू त्याच्या) पुढं पत्र निघालं त्याच महिन्याची तारीख. म्हणजे मधले चौदा महिने हिशोबातच नाहीत.

मी म्हणलं पैशाचं किती बुडालं असेल. तर फार नाही. कॅप्टनचा मूळ पगार ६१,३०० पासून आणि मेजरचा ६९,४०० पासून, आणि टीएत पगार वर्दीत असलेल्या दिवसांचाच, त्यामुळं फरक दोन-अडीच महिन्यांचा. खरी अडचण सिनियॉरिटीची. पुढच्या रँकची वर्षं या तारखेपासून मोजायची, आणि मागून आलेले पोरगे एका सहीमुळं पुढं जाणार. नवरा तीन दिवस काही बोलला नाही. तो तक्रार करणाऱ्यातला नाहीच, "होईल गं" म्हणत बसला असता रिटायर होईपर्यंत.

सुभेदार साहेबांकडं जायच्या आधी आम्ही एक चूक केली. एका ऑनलाईन सल्लागाराला आठ हजार दिले. त्यानं चार पानांचा अर्ज पाठवला, त्यात घोर अन्याय, मानसिक छळ, घटनेतली कलमं सगळं होतं, फक्त आमची तारीख कुठं नव्हती, आणि दुसऱ्या पानावर नवऱ्याचा रँक लेफ्टनंट कर्नल लिहिलेला, कुणाचा तरी जुना अर्ज उचलून दिलेला. हा कागद मी सुभेदार साहेबांच्या पुढं ठेवला. त्यांनी चष्मा काढून वाचला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आमचं काम लिहायला घेतलं. "मॅडम, कागद चांगला आहे, जाड आहे."

पहिल्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिलाच नाही. म्हणाले ट्रंक घेऊन या. मला वाटलं चेष्टा, पण खरंच काळी ट्रंक रिक्षात घालून आणायला लावली. मग दोन दिवस बसून त्यातून कॅम्पच्या मूव्हमेंट ऑर्डर, ट्रेनिंगचे दाखले, मेडिकल बोर्डचा कागद, पार्ट टू ऑर्डरच्या (सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद करणाऱ्या आदेशाच्या) कॉप्या असं एकेक काढून जमिनीवर मांडलं. मी तारखेप्रमाणे लावत होते तर ओरडले. "घटनेची तारीख वेगळी, सहीची वेगळी, डिस्पॅचची वेगळी, तुम्ही तिन्हीची खिचडी केली." तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं की आमचा सगळा घोळच हा आहे. अट पूर्ण झाली ती तारीख धरायच्या ऐवजी कुणीतरी सही झाली ती तारीख धरली.

त्यांनी एक तक्ता केला. चार रकाने: काय झालं, कधी झालं, कागदावर सही कधी, वर पोचला कधी. सतरा ओळी. अर्ज त्याच्यावर फक्त सव्वा पानाचा. त्यात एवढंच की अमुक तारखेला सगळ्या अटी पूर्ण होत्या, उशीर कागदाच्या प्रवासात झाला, ऑफिसरकडून काही राहिलेलं नव्हतं, तरी प्रमोशन ड्यू डेटपासून, म्हणजे व्हायला पाहिजे होतं त्या तारखेपासून, धरावं, सोबत तक्ता आणि अकरा संलग्नक, थ्रू प्रॉपर चॅनेल, म्हणजे युनिटमार्फत वर. नवऱ्याला त्यात युनिटचे कागद बघणाऱ्या ऑफिसरबद्दल, अ‍ॅडज्युटंटबद्दल, एक वाक्य पाहिजे होतं. सुभेदार साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले (नवऱ्यासमोर ते कायम उठून उभे राहतात, बोलणी फक्त मला) आणि म्हणाले, "सर, ज्याच्यावर लिहाल त्याच्याच टेबलावरून हा कागद वर जायचा आहे." वाक्य गेलं.

मी विचारलं आरटीआय टाकू का, दहा रुपयात तीस दिवसात उत्तर. तर म्हणाले टाका, फाईल कुठं आहे ते कळेल, पण आरटीआयनं कागद मिळतो, तारीख बदलत नाही. शेवटी आम्ही टाकलाच, पोस्टाची दहा रुपयांची ऑर्डर लावून, आणि त्यातूनच तो मेडिकलचा कागद दुसऱ्याच्या फाईलला होता हे लेखी हातात आलं. हे मात्र मी त्यांना तीनदा ऐकवलं. प्रत्येक वेळी त्यांना प्रिंटरचं काहीतरी काम निघालं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते पोचपावतीचं. अर्ज युनिटला दिला त्या दिवशी शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय नवऱ्यानं निघायचं नाही असं बजावून पाठवलं, आणि अ‍ॅडव्हान्स कॉपी स्पीड पोस्टनं वेगळी. कारण त्यांनी सांगितलं ते असं, उद्या काहीच उत्तर आलं नाही तर मुंबईला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या कोर्टाचं, बेंच आहे, पण २००७ च्या कायद्याप्रमाणे आधी आपला अर्ज पाहिजे, त्यावर सहा महिने उत्तर नाही आलं की पुढच्या सहा महिन्यात तिथं जाता येतं. मग सहा महिने कुठून मोजायचे, तर पावतीवरच्या तारखेपासून. पावती नसेल तर मोजणारच काय. वकिलाचं नाव विचारलं तर दिलं नाही, म्हणाले ती पाळी येईल तेव्हा बघू, आत्तापासून वकील दिसला की ऑफिस दार लावून घेतं. हे बरोबर का चूक मला माहिती नाही, वकील लोक वेगळं सांगतील. आमच्या बाबतीत चाललं.

सहा महिने भरायला नऊ दिवस बाकी असताना सुधारित पत्र आलं. मार्चमधली तीच तारीख, जुनं पत्र रद्द. परत पेढे.

आता जे आवडलं नाही ते. एक म्हणजे वेळ. दोन दिवसात देतो म्हणलेला अर्ज अकराव्या दिवशी मिळाला, मधे दोनदा हेलपाटा, एकदा भर पावसात, आणि फोन उचलत नाहीत. दुसरं म्हणजे बोलणं. माझ्यादेखत एका म्हाताऱ्या बाईला "शाळेत गेला नव्हता का" म्हणाले ते मला अजिबात आवडलं नाही, मी तसं तोंडावर सांगितलं, तर गप्प बसले आणि त्या बाईंचं काम फुकट केलं. फुकट केलं म्हणून बोललेलं पुसत नाही, स्टार तिथंच कापला. तिसरं, जीपे नाही, रोख न्या.

पैसे: तक्ता, अर्ज, सगळे सेट आणि दोन स्मरणपत्रं धरून ६५० रुपये झाले. मी हजार द्यायला लागले तर साडेतीनशे परत मोजून दिले आणि वर "फौजेत टिप नसते" असं ऐकवलं. आठ हजारवाल्याला मी नंतर फोन केला होता, त्यानं नंबर ब्लॉक केलाय.

एक गोष्ट अजून बाकी आहे, आणि ती आम्हाला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवली होती. पत्रात तारीख बदलली म्हणजे सगळीकडं बदलली असं नाही. त्याची नवीन पार्ट टू ऑर्डर निघायला लागते, ती पुण्याच्या पगाराच्या ऑफिसात चढायला लागते, तेव्हा फरक मिळतो. आमची ऑर्डर निघालीय, पगाराच्या खात्यात अजून जुनीच तारीख दिसतेय. परवा गेले तर त्यांनी लोखंडी कपाटातून आमचाच तक्ता काढला, खाली पेननं अठरावी ओळ लिहिली आणि शेवटचा रकाना कोरा ठेवला. पुढचं स्मरणपत्र सोमवारी न्यायचंय.

तुम्ही गेलात तर प्रत्येक कागदाच्या दोन कॉप्या नेऊ नका, तीन न्या. तिसरी ते स्वतःच्या कपाटात ठेवतात, आणि बाहेरचा झेरॉक्सवाला त्यांच्या गिऱ्हाईकाला एका पानाचे तीन रुपये लावतो.